मांजरांचे यजमान

मी मूळची तासगावकडची. तासगाव म्हणजे तासगाव नव्हे, तिथून तीन कोस आत, नाव सांगितलं तरी तुम्हाला सापडायचं नाही. घर कासाराचं. वडील बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, आणि काय सांगू तुम्हाला, पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या बायकांचा हात माझ्या वडिलांनी धरलेला, पाटलिणीचा धरला, नव्या नवरीचा धरला, सत्तर वर्षांच्या म्हातारीचा धरला, आणि माझी आई शेजारी बसून कुणाला कुठलं माप लागतं ते त्यांना सांगायची. तिला कधी जळताना मी पाहिलं नाही. ती अंगठेबहाद्दर. मी शिकले, बी.ए. झाले, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, पुरुष धरूनसुद्धा पहिली, आणि जळणं नेमकं माझ्या वाट्याला आलं. शिक्षणानं मन मोठं होतं असं आमचे प्राचार्य म्हणायचे. असेल. माझं झालं नाही, हे मी सरळ सांगते, कारण आडपडदा ठेवून सांगायचं तर सांगायचंच कशाला.

निकाल लागला तेव्हा वडिलांनी महिनाभर जिथं जिथं बांगड्या भरल्या तिथं तिथं सांगितलं, आमची इंदू बी.ए. झाली. एका म्हातारीनं विचारलं म्हणे, म्हणजे आता तिला काय मिळणार. वडील म्हणाले, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. खरंच ठाऊक नव्हतं. शिकलेली मुलगी कुणी पत्करेना, सगळी म्हणायची हिला घरात बसवायची कुठं. मग हे स्थळ आलं. मुलगा बंगळूरला सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, यंत्रांचे नकाशे काढायचं काम. बघायला आले तेव्हा सगळ्यांनी मला काय काय विचारलं, स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, आणि हे गप्प बसून होते. उठता उठता एवढंच म्हणाले, मांजरं चालतात ना. मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. त्या हसण्याचं त्यांनी होय धरलं.

नाव विचारू नका त्यांचं, मी घेत नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच.

तर अशी मी बंगळूरला आले, अठ्ठावन्न साली. राजाजीनगर म्हणजे तेव्हा निम्मी घरं आणि निम्मं रान. घराच्या पुढच्या भागात अक्का राहायच्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मधे एक दार, आणि ते दार कधी लागायचं नाही. अक्का म्हणजे घरमालकीण. त्यांची माणसं चार पिढ्यांमागं इकडं आलेली, यजमानांचं कपडे शिवायचं दुकान होतं, ते गेले, मूलबाळ नाही. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. मराठी बोलायच्या पण कसली मराठी, स्वल्प थांबा म्हणजे जरा थांबा, सरी सरी म्हणजे बरं बरं, उद्या बरते म्हणजे उद्या येते. मला पहिल्याच दिवशी इंदम्मा करून टाकलं. मी मनात म्हटलं, पदवी घेतली ती अम्मा व्हायला व्हय.

आणि मांजरं. चार मांजरं माझ्या आधी त्या घरात होती. बेल्ला, मोसरू, रागी, मेणसू, म्हणजे गूळ, दही, नाचणी आणि मिरी, ज्याचा त्याचा रंग बघून ठेवलेली नावं, आणि ती ठेवली कुणी तर ह्यांनी आणि अक्कांनी मिळून, ओसरीवर बसून, माझं नाव ह्यांना माहीतही नव्हतं तेव्हा. मांजरं ह्यांची. कारखान्यात लाकडी खोक्यांच्या गोदामात जन्मलेली पिल्लं, हे एकेक करून सायकलच्या पिशवीतून घेऊन आलेले. पण दूध कोण घालायचं, अक्का. केस कोण विंचरायचं, अक्का. हे कारखान्यातून आले की आधी मधल्या दारातून पुढं जायचे, अक्का सांगायच्या आज मेणसूनं सरडा आणला, आज बेल्ला रुसली, आणि काय हसायचे दोघं. आमचे हे माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली चार मीठ कमी आहे का जास्त आहे यावर. तिकडं मात्र पाऊण पाऊण तास. मी चहा ओतून बसायची, चहावर साय धरायची.

अक्का ह्यांना तम्मा म्हणायच्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. हे मला कुणीतरी सांगितलं होतं. पण भाऊ म्हणायला काय लागतं हो, जीभ टाळूला लावली की झालं. माझ्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच. अक्का दिसायला कशा म्हणाल तर साध्या, पांढरं लुगडं, हातात काही नाही, पण हसल्या की वाटायचं सगळं घर त्यांचं. घर त्यांचंच होतं म्हणा.

मग मी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. इंग्रजीवर भागायचं, तेव्हा कन्नड शिकायची गरज मला वाटली नाही. खरं सांगू का, अक्कांना येतं ते मला शिकायचं नव्हतं. त्याच साली मोसरूला एक पिल्लू झालं, पाचवं मांजर, आणि ते मी पदराखाली घेतलं. म्हटलं हे माझं. नाव ठेवलं कमळी. अक्का तिला चिक्की म्हणायच्या, चिक्की म्हणजे धाकटी, आणि मी कमळी कमळी करून घसा कोरडा केला तरी ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही, आणि पुढून बारीकशी चिक्की अशी हाक आली की कान टवकारून पळायची. एवढंसं मांजराचं पोर, पण मला असं झालं की हिलाही फितवली.

आता मुख्य ते सांगते. बासष्ट साल असेल, कारखान्यानं ह्यांना चार महिन्यांसाठी कलकत्त्याला शिकायला पाठवलं. पत्रं यायची, आठवड्याला एक. सौ. इंदूस, म्हणून सुरुवात, मी खुशाल आहे, आणि लगेच पुढं मोसरूचा डोळा कसा आहे, मेणसूला भात नुसता घालू नये, बेल्लाला भिंतीवरून उतरता येत नाही तरी लक्ष ठेवणे. दोन पानांचं पत्र, दीड पान मांजरं. मी ते पत्र दोनदोनदा वाचायची, म्हटलं कुठं ओळींच्या मधे माझ्यासाठी काही लिहिलंय का. नव्हतं. वर अक्कांना वाचून दाखवायचं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्या ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायच्या. नवऱ्याचं पत्र मला, हसणं त्यांना.

अशात रागीच्या कानाला खरूज झाली. आधी कान, मग मान. मी लिहून कळवलं. उलट टपाली उत्तर, पाचही मांजरांना एकदम जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जाणे, एकीची खरूज दुसरीला लागते, डॉक्टरांनी पाचहीजणींना तपासून बघायला हवं, एकही मागं ठेवू नये. आणि खाली रेघ ओढून, अक्कांना बरोबर घेणे, त्यांना तिथली माहिती आहे. ती रेघ माझ्या डोळ्यांत सलली. तिथली माहिती त्यांना कशी, म्हणून मी विचारलं, तर अक्का सहज म्हणाल्या, तम्मा आणि मी जातो की वर्षाला एकदा, बुट्ट्या घेऊन, तुम्ही कचेरीत असता तेव्हा. मी कचेरीत असते तेव्हा. हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. बुट्ट्या म्हणजे बांबूच्या खोल टोपल्या, तीन आणल्या. मी म्हटलं मांजरं मी घालते, अक्का, तुम्ही बसा. एक तास, बरं का. बेल्ला माळ्यावर चढली, मेणसू चुलीमागं, मोसरूनं माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत असा काही नकाशा काढला की ह्यांनीही काढला नसता. मी घामाघूम. अक्का दारात उभ्या. म्हणाल्या, झालं काय इंदम्मा. मी म्हटलं, होतंय. अजून थोडा वेळ गेला. मग त्या खाली बसल्या, बुट्टीत आपलं जुनं लुगडं अंथरलं, आणि ओठांनी पुच पुच केलं. पाचही आली. पाचही, एकामागून एक, शाळेच्या रांगेसारखी, आणि आपापल्या पायांनी आत बसली. कमळीसुद्धा. अक्कांनी वरून धडपा बांधला आणि म्हणाल्या, त्यांना वास ओळखीचा लागतो हो, बाकी काही नाही. मी उठून हाताला हळद लावली.

टांग्याला इकडं जटका म्हणायचे, तो केला. सगळ्या रस्त्यानं पाच मांजरं पाच सुरांत, येणारेजाणारे थांबून बघायचे. आणि अक्का बुट्टीवर हात ठेवून कन्नडात त्यांची समजूत काढत होत्या, इतक्या हळू, की मला वाटलं माझी अशी समजूत कुणी कधी काढली होती.

दवाखान्यात गर्दी. बैल, म्हशी, एक घोडा, कुणाची शेळी. मांजरं आणणाऱ्या आम्हीच. व्हरांड्यात एका टेबलाशी कारकून बसलेला, मोठं रजिस्टर पुढ्यात. मी कारकून, तोही कारकून, म्हटलं इथं आपलं राज्य, पुढं झाले. पण त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्यामागं अक्का दिसल्या आणि त्याचं तोंड फुललं. म्हणाला, यजमानरु बरलिल्लवा. आणि अक्का म्हणाल्या, ऊरल्लि इल्ल.

आता एवढं कन्नड मला कळत होतं. बरलिल्लवा म्हणजे आले नाहीत का. ऊरल्लि इल्ल म्हणजे गावात नाहीत. आणि यजमान हा शब्द काय मला कुणी शिकवायला हवा होता. तुमचे यजमान काय करतात, असं आपल्याकडं कुठल्याही बाईला विचारतात. यजमान आले नाहीत का, असं तो अक्कांना विचारतोय, आणि अक्का, विधवा बाई, सांगतायत गावाला गेलेत. गावाला कोण गेलं होतं, माझा नवरा.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना मला कळली. पोटरी, गुडघा, पोट, छाती, सगळीकडून गेली. चार वर्षांचा पाऊण पाऊण तास माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. तेवढ्यात कारकुनानं टाक उचलला आणि ह्या वेळी माझ्याकडं बघून विचारलं, यजमानर हेसरु, म्हणजे यजमानांचं नाव. मला वाटलं, आता सांगावं, दणकून सांगावं, की तो माझा नवरा आहे, हे घ्या नाव. आणि काय सांगू तुम्हाला, नाव तोंडातून येईना. बी.ए. झालेली मी, कचेरीत साहेबाशी इंग्रजीतून वाद घालणारी मी, तोंड उघडून उभी, आणि आमच्या घरच्या दहा पिढ्यांच्या बायका माझा गळा धरून बसलेल्या. रांगेतला शेळीवाला खाकरला. तर मागून अक्कांनी ह्यांचं नाव सांगितलं. सगळं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. कारकुनानं लिहून घेतलं.

मी तिथं थांबले नाही. अक्का, बुट्ट्या, मांजरं, सगळं तिथंच टाकून बाहेर पडले, आणि बस धरून घरी. अक्का मागून इंदम्मा इंदम्मा करत होत्या. घरी येऊन ट्रंक काढली. दोन लुगडी घातली, पदवीचा कागद घातला. वडिलांना पत्र लिहायला बसले, मला न्यायला या, एवढंच लिहिलं आणि पुढं कारण काय लिहायचं ते सुचेना. कारण अक्षरात लिहिलं की ते खरं होणार होतं.

दोन अडीच तासांनी जटका थांबल्याचा आवाज आला. तीन बुट्ट्या अक्कांनी एकटीनं उतरवून घेतल्या, मी उठले नाही. मधल्या दारात येऊन म्हणाल्या, अर्ध्यात का आलात, बरं नाही का. मग ट्रंक दिसली. मी उठून उभी राहिले आणि जे बोलायचं नाही ते सगळं बोलले. म्हटलं, तुम्हाला यजमान कधीपासून झाले अक्का. म्हटलं, भाऊ म्हणता आणि दवाखान्यात नवरा म्हणून लिहवून घेता. म्हटलं, मी कचेरीत असते तेव्हा. आणखीही बोलले, ते आता सांगणार नाही, माझ्याच्यानं ऐकवणार नाही.

अक्का रडतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या. बुट्टीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, इंदम्मा, इकडं मांजराला यजमान असतो. दुकानाला असतो. ह्या घराची यजमानीण मी. ज्याची वस्तू तो यजमान. मांजरं कुणाची, तम्माची, मग यजमान कोण. तो बिचारा विचारत होता मांजरांचा मालक आला नाही का. मी म्हटलं, मला शिकवू नका, यजमान म्हणजे नवरा. तर म्हणाल्या, नवरा पण म्हणतात. तुमच्या गावाकडं बैलाला धनी नसतो काय. आणि तुमची आई तुमच्या वडिलांना काय म्हणते.

माझी आई माझ्या वडिलांना धनी म्हणते. आमचं धनी बाजाराला गेल्यात, असं म्हणते. आणि बैल चुकला की सगळा गाव विचारतो, ह्याचा धनी कोण. माझ्याच बोलीतला शब्द. जन्मापासून ऐकलेला. बी.ए.ला मराठी विषय होता माझा.

मी उभीच. अक्का उठल्या, आणि जाता जाता जे म्हणाल्या ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. म्हणाल्या, मी त्याचं नाव घेतलं की तिथं, चारचौघांत. बायको नाव घेते होय कधी. घेतलं नाहीत ते तुम्ही. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांचं नाव मी अजून घेतलेलं नाही.

आणि त्यांनी दार लावलं. मधलं दार. पहिल्यांदाच लावलं.

वडिलांचं पत्र अर्धंच राहिलं, मांजरं माझ्याच बाजूला राहिली, आणि पिवळ्या मलमाची डबी ओट्यावर ठेवलेली होती, गंधकाचं मलम, पाचहीजणींना दिवसातून एकदा चोळायचं, तीन आठवडे, मग पुन्हा तपासायला न्यायचं. हे मला डबीखालच्या चिठ्ठीवरून कळलं. आता ते चोळायचं कुणी. अक्का बाहेर येत नव्हत्या, पाण्याला गेल्या तरी मान खाली घालून जायच्या. म्हटलं, माझ्या कर्माचं मी चोळते. कचेरीतून आले की पदर खोचायचा, एकेकीला पकडायचं, टॉवेलात गुंडाळायचं, मान बाहेर, पाय आत, आणि चोळायचं. पहिल्या आठवड्यात माझे हात असे झाले की टाक धरवत नव्हता. माझ्या अंगाला गंधकाचा वास, शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, काय बाई, घरात फटाके करता का. पण दुसऱ्या आठवड्यात मेणसू गप्प बसायला लागली. मग बेल्ला. कमळी तर मलम लावून झालं की मांडीवरून उतरेना. मला वाटलं, आता जिंकले.

कसली जिंकते. मलम झालं, दूध पिऊन झालं, की पाचहीजणी उठायच्या आणि त्या बंद दाराशी जाऊन बसायच्या. दाराला नाक लावून. आतून काही हाक नाही, पुच पुच नाही, आतल्या बाईनं इतकं मन आवरलेलं. तरी ह्या बसायच्या. मी इकडं भांडी घासत ते बघायची आणि मला जळायला व्हायचं, विचार करा, एवढं सगळं होऊनसुद्धा. त्या बाईनं दार लावलं तरी सगळं तिचंच, आणि मी रक्त काढून घेतलं तरी माझं काही नाही. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की हे दार माझ्या तोंडानं लागलंय. दोन्ही एकदम कळत होतं. एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

तीन आठवडे झाले. तपासायला न्यायचा दिवस आला. दार वाजवावं असं दहादा मनात आलं, वाजवलं नाही, मी गर्वाची. पण पुच पुच करून मांजरं काही आली नाहीत. मग वाळत घातलेलं अक्कांचं एक जुनं लुगडं होतं अंगणात, ते मी न विचारता ओढलं आणि बुट्टीत अंथरलं. आली की हो सगळी. अक्का खिडकीतून बघत होत्या. लुगडं न्या असंही नाही आणि ठेवा असंही नाही.

एकटी गेले, तीन बुट्ट्या आणि मी. डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर. एकेकीला टेबलावर घेतलं, कानात बघितलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून बघितले, धान्याच्या तराजूसारखा तराजू होता त्यात बसवून वजन केलं. बेल्ला लठ्ठ झाली म्हणाले. मोसरूचा डोळा उत्तम. रागीचा कान बघून इंग्रजीत विचारलं, मलम कुणी लावलं. मी म्हटलं, मी. म्हणाले, नीट लावलंय. माझ्या बी.ए.च्या निकालाला वाटलं नव्हतं तेवढं मला बरं वाटलं. लगेच म्हणाले, आणि त्या बाई कुठं आहेत, गेल्या खेपेला एकट्याच पाचहीजणींना धरून दोन तास बसल्या होत्या, बाहेर बघत होत्या, कुणीतरी परत येईल म्हणून.

जाताना टेबलाशी कारकून. नवं पान. यजमानर हेसरु, म्हणून त्यानं विचारलं. ह्या वेळी मला शब्द कळत होता. ह्यांचं नाव सांगायचं तर मागच्या पानावर बोट ठेवून दाखवता आलं असतं. माझं स्वतःचं नाव सांगता आलं असतं, तेच सांगायचं मी येताना ठरवलं होतं, शिक्षणासकट. पण तोंडातून आलं ते अक्कांचं नाव. तो म्हणाला, पहिलं नाव खोडू का. मी म्हटलं, खोडा.

चिठ्ठी घेऊन घरी आले आणि ह्या वेळी दार वाजवलं. अक्कांनी उघडलं. मी म्हटलं, वाचून दाखवते, मांजरं पाच, तब्येत चांगली, यजमान, आणि पुढं त्यांचं नाव वाचलं. माफी मागायची मला सवय नाही. अक्कांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. म्हणाल्या, म्हणजे आता मला मांजरांचा नवरा केलंत काय इंदम्मा. आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग मात्र मीच रडले. पाच मांजरं आमच्या पायांमधून आत गेली.

हे परत आले कलकत्त्याहून. अक्कांनी त्यांना यातला एक शब्द सांगितला नाही, आजतागायत नाही. मी वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणजे निदान मला म्हणता आलं असतं की बघा, चुगली केली. नाही केली. त्यांचं हे मोठं मन आहे ना, त्याचीसुद्धा मला असूया वाटते, आता बोला.

पुढं कारखान्याची क्वार्टर मिळाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सामान बांधताना ह्यांनी बुट्ट्या काढल्या. मी म्हटलं, मांजरं आता आपली नाहीत, कागद अक्कांच्या नावावर आहे. ते म्हणाले, कुणी केला. मी म्हटलं, मी. का म्हणून विचारतील असं वाटलं, नाही विचारलं. बुट्ट्या परत माळ्यावर ठेवल्या, हळू ठेवल्या. त्या वेळी त्यांचं तोंड बघून मला कळलं की मी काय देऊन बसलेय, आणि ते माझं नव्हतंच द्यायला. पण कागद झाला तो झाला.

आता हे दर रविवारी दोन बसेस बदलून राजाजीनगरला जातात, मांजरं बघायला. मोसरू म्हातारी झालीय, कमळीला आता तीन पिल्लं आहेत. मीही जाते महिन्यातून एकदा, अक्का माझा हात धरून आत नेतात, इंदम्मा वाळलात म्हणतात. कन्नड शिकले मी, चांगलं बोलते. तरी ज्या रविवारी हे एकटे जातात त्या रविवारी मी घड्याळाकडं बघत भाकरी थापते, आणि ते आल्यावर विचारत नाही काय बोललात, आणि ते आपणहून सांगत नाहीत. संसार वाईट नाही माझा, नवरा सरळ आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असल्यानं जळणं थांबतं असं मला वाटायचं, तसं नसतं.

आज रविवारच आहे. अक्कांना देवानं शंभर वर्षं आयुष्य द्यावं, त्यांच्या दारात मांजरांना कधी तोटा पडू नये, हे मी मनापासून म्हणते, लिहून घ्या. फक्त ह्यांनी तिथं जेवून येऊ नये.